त्रेचाळीस फोटोंचा रिकामा रकाना

रिकामा रकाना दिसला की माझं डोकं फिरतं. नांदेडला एका सरकारी कचेरीत मी कंत्राटावर डाटा एंट्री करते. अठरा वर्षं झाली, आणि ह्या अठरा वर्षांत मोकळ्या रकान्याचा एकही अर्ज मी पुढं जाऊ दिलेला नाही. माहिती नसेल तर 'निरंक' लिहा, लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण मोकळं सोडू नका, असं मी दिवसातून वीसदा सांगते. खिडकीपलीकडची माणसं मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडी. तर अशा बाईच्या हातून त्रेचाळीस फोटोंमध्ये एका माणसानं लिहून ठेवलेलं पुसलं गेलं. लिहिणारा गेला, पण ज्याच्यासाठी लिहिलं होतं ते माणूस अजून आहे. हे सांगायला मला जड जातंय, पण न सांगता चैनही पडत नाही.

माझे चुलत सासरे, म्हणजे नवऱ्याचे काका, मुरुडला फोटो स्टुडिओ चालवायचे. पुढं दुकान, मागं घर. आजूबाजूच्या तीस-चाळीस खेड्यांतली लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, आधारकार्डाच्या आधीच्या जमान्यातले अर्जाला चिकटवायचे फोटो, सगळं काकांनीच काढलेलं. मग हरेकाच्या खिशात मोबाईल आला आणि दुकान मंदावलं. दुसरा कुणी असता तर कट्ट्यावर बसून जमान्याला शिव्या घालत राहिला असता. काकांनी पासष्टीत एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला आणि आयुष्यभराच्या निगेटिव्ह एकेक करून आत घ्यायला सुरुवात केली. एका बोटानं मराठी टाईप करायचे. एकदा मला मोठ्या कौतुकानं म्हणाले होते, "सूनबाई, आपण फोटोच्या मागं पेनानं लिहायचो का न्हाई, तसं ह्याच्या पोटात लिहिता येतंय. फोटो कुठंबी गेला तरी लिहिलेलं संगं जातंय." मी हो हो म्हणाले. मला त्यात नवल नव्हतं, माझा रोजचा धंदाच तो.

दोन वर्षांमागं काका गेले. दुकानाची जागा रिकामी करायची होती, कॉम्प्युटर जुना होऊन बंद पडत होता, म्हणून त्यातले सगळे फोटो मी पेनड्राईव्हवर घेतले आणि डबडं भंगारात दिलं. साडेनऊशे फोटो निघाले. त्यातल्या निम्म्याअधिक फोटोंच्या पोटात काकांनी काहीबाही लिहिलेलं होतं, बाकीचे नुसतेच. तेव्हा मीच ठरवलं, आणि ठरवलं ते घरातल्या चौघांसमोर छाती पुढं काढून, की काकू आहेत तोवर त्यांच्याकडून एकेका फोटोची माहिती लिहून घ्यायची, नीट यादी करायची आणि ती यादी फोटोंमध्ये उतरवायची. मग सगळ्या भावकीला एकेक संच वाटायचा. कोण, कुठलं गाव, कसला प्रसंग, हे फोटोतच राहील.

मग दर रविवारी नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड अशी माझी एस.टी.ची वारी सुरू झाली. काकू पंच्याहत्तरीच्या. आंघोळ करून, कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढून, चष्मा पुसून माझी वाट बघत बसलेल्या असायच्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाई शेजारीच राहतात, त्याही लसूण सोलायला घेऊन येऊन बसायच्या. मी लॅपटॉपवर फोटो दाखवायचा, काकूंनी सांगायचं, मी यादीत भरायचं. काकूंची आठवण म्हणजे तल्लख. कुठल्या नवरदेवाचा फेटा तिरका झाला होता म्हणून त्याची आई रुसली, इथपर्यंत.

पण रकाने मोकळे राहतच होते. काही प्रसंग काकूंना खरंच आठवत नव्हते. काही फोटोंत स्वतः काका होते, तिथं काकू थांबायच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलेलं नाही, उखाण्यातसुद्धा गुळमुळीत घ्यायच्या म्हणे. "हे न्हाईत का," एवढं म्हणून भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट करायच्या. ते रकाने मी माझ्या मनानं भरत गेले. आणि मग एक मुलगी यायची. अठराएक वर्षांची असेल, सडपातळ. स्टुडिओतल्या तळ्याचं चित्र असलेल्या पडद्यापुढं उभी, डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, आणि हसतेय ती अशी की दात दिसतायत. कधी स्टुलावर, कधी खिडकीत, कधी कॅमेऱ्याकडं पाठ करून. ती आली की काकूंचा चेहरा बदलायचा. "ते सोड. पुढचा घे," म्हणायच्या. जाऊबाईही लसणातून मान वर करून बघायच्या आणि परत खाली घालायच्या. पुन्हा तीच मुलगी, पुन्हा "सोड की माय." पाच-सहा रविवारांत असे त्रेचाळीस फोटो सोडले.

यादी संपली आणि मी नांदेडला बसून एका प्रोग्रामनं ती फोटोंत उतरवायला घेतली. पहिला प्रयत्न माझ्या सवयीनं फसला. मोकळ्या रकान्यांत मी 'निरंक' भरून टाकलं होतं. पाच फोटोंवर चालवून बघते तर आमच्या पणजोबांच्या फोटोत 'कोण: निरंक' असं आलेलं. नवरा हसून लोटपोट. म्हणाला, "लई बरं झालं, आता आमच्या खानदानाला सरकारी मान्यता मिळाली." मी रागारागानं सगळे 'निरंक' काढून टाकले आणि रकाने मोकळे ठेवले.

पण आता दुसरा प्रश्न उभा राहिला. यादीतला रकाना मोकळा असेल आणि फोटोत मात्र आधीपासून काही लिहिलेलं असेल, तर प्रोग्रामनं काय करायचं? त्याला दोनच गोष्टी कळतात. एक, मोकळ्याकडं लक्ष देऊ नकोस, फोटोत आहे ते राहू दे. दोन, मोकळं हेही उत्तरच समज आणि फोटोतलं पुसून तिथंही मोकळं कर. आपण सांगू ते तो निमूट करतो. मोकळं का आहे, हे तो विचारत नाही. कुणाला आठवत नाही, कुणाला सांगता येत नाही, कुणाला सांगायचं नाही, त्याच्या लेखी सगळं सारखंच. खरं तर माझ्याही लेखी तोवर सारखंच होतं.

एवढं मात्र मला समजत होतं की काकांनी लिहिलेलं आहे तर ते राहू द्यावं. म्हणून आधी मी दोन्ही बाजू समोरासमोर मांडल्या. डावीकडं काकांचं, उजवीकडं यादीतलं. बहुतेक ठिकाणी दोघांचं जुळत होतं. मग उजवीकडं मोकळं आणि डावीकडं काहीतरी लिहिलेलं, अशा ओळी वेगळ्या काढल्या. त्रेचाळीस निघाल्या. त्रेचाळीसही ठिकाणी डावीकडं एकाच बाईचं नाव.

ते नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. लातूरकडं असलं नाव ठेवतही नाहीत, ते तिकडचं, बिलोली-देगलूरच्या पट्ट्यातलं, तेलुगू वळणाचं. आणि उमेदीच्या काळात काका बिलोलीकडं लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला जायचे, हे मी पंचवीस वेळा ऐकलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ओरडायलाच लागली. मोकळ्या केसांची हसणारी मुलगी. "ते सोड" म्हणणाऱ्या काकू. मान खाली घालणाऱ्या जाऊबाई. म्हटलं, वा काका, विभूती लावून देवासारखे बसायचे आणि पोटात हे. नावापुढं आणखीही काही लिहिलेलं होतं, पण माझ्या पडद्यावर तो रकाना अरुंद होता, नाव तेवढं दिसत होतं आणि बाकीचं कापलं गेलं होतं. माउसनं रेघ जराशी ओढली असती तर सगळं दिसलं असतं. मी ओढली नाही. मला किळस आली होती, आणि खरं सांगायचं तर आपण किती शहाण्या, किती घर सांभाळणाऱ्या, असंही वाटत होतं. हे फोटो सगळ्या भावकीत जाणार. उतारवयात काकूंची शोभा कशाला करायची? त्यांनी स्वतः तो रकाना मोकळा ठेवलाय, म्हणजे त्यांनाही मोकळाच हवा असणार.

मी दुसरा पर्याय निवडला. मोकळं हेच उत्तर.

प्रोग्राम बिचारा बदल करण्याआधी हरेक फोटोची मूळ प्रत शेजारी ठेवून देतो. ती ठेवू नकोस, असंही मीच सांगितलं, कारण एका फोटोच्या दोन-दोन फाईली बघितल्या की मला कचरा साचल्यासारखं वाटतं. सगळं काम अर्ध्या मिनिटात झालं. मग पेनड्राईव्हही पुसून त्यात हा नवा संच भरला. मी उठून गवारीच्या शेंगा निवडायला बसले.

पुढच्या रविवारी तयार झालेला संच घेऊन मुरुडला गेले. जाऊबाई त्या दिवशी लेकीकडं कंधारला गेलेल्या, घरात आम्ही दोघीच. लॅपटॉप टी.व्ही.ला जोडून एकेक फोटो दाखवत होते. खाली नाव, गाव, प्रसंग येत होतं आणि काकू हरखून वाचत होत्या. मग ती मुलगी आली. खाली काही नाही. मी घाईनं पुढं सरकवायला गेले तर काकू म्हणाल्या, "थांब की. ह्याच्यात काहीच लिहिलं न्हाई व्हय?"

"तुम्ही काही सांगितलं नव्हतं ना, म्हणून मोकळं ठेवलं," मी म्हणाले. स्वतःच्या समजूतदारपणावर खूष होते.

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मीच हाय ती. जाऊबाई बसून राहिल्या होत्या समोर, कसं सांगू? डोक्यावर पदर न्हाई का काही न्हाई."

त्यांनी मग सगळं सांगितलं. सासूबाई दुपारच्या देवळात गेल्या की काका स्टुडिओचं दार ओढून घ्यायचे आणि काकूंना हाक मारायचे. रोलमध्ये शेवटचे एक-दोन फोटो उरले असले की ते काकूंचे. घरच्या सुनेचे बिनाप्रसंगाचे फोटो काढणं म्हणजे त्या काळी केवढी मोठी गोष्ट, आणि रोल वाया घालवला म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं ते वेगळंच. ते कधी धुऊन कागदावर काढलेच नाहीत, निगेटिव्हच ठेवल्या. "मलाबी तू दावलंस तवाच दिसले," त्या म्हणाल्या. "एवढी बारीक होते व्हय मी."

मी पडद्याकडं बघितलं. त्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. इतक्या वेळा तो फोटो उघडला आणि मला ते दिसलं नव्हतं. मी विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?"

"बिलोलीकडचं. तुला म्हाईत न्हाई?" मग म्हणाल्या, "माहेरचं नाव लई येगळं होतं. लग्नात सासूबाईंनी बदललं, हिकडं कुणाला म्हणता येत न्हाई म्हणून. आई गेली तवापासून मला त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई." आणि त्यांनी ते नाव सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या हातून ते एकदा पुसलं गेलंय, तेवढं पुरे.

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळावर नवं नाव काढतात, माझंही बदललंय. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण काकू मला घरात आल्यापासून काकूच. त्यांना आधीचंही एक नाव असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. परकी बाई मात्र चटकन आली.

पुसल्याचं त्या दिवशी मी काकूंपासून लपवलं. नांदेडला येऊन दोन आठवडे वेड्यासारखी शोधत होते. भंगारवाल्याकडं जाऊन आले, ते डबडं केव्हाच फुटून वितळलेलं. पेनड्राईव्ह घेऊन पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका दुकानात गेले, त्यानं तीन दिवस ठेवून घेतला आणि परत दिला. म्हणाला, "ताई, ह्याच्यावर तुम्ही दुसरं भरलंय. नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं." काकांनी त्यातला एखादा फोटो कुणाला पाठवला असेल म्हणून भावकीत फोन केले. त्रेचाळीसपैकी एकही त्यांनी कुणाला दाखवलेला नव्हता. असं काही माणूस भावकीत पाठवत नाही, हेही मला उशिरा सुचलं.

नवरा म्हणाला, "नाव कळलंय ना आता? टाकून दे परत. कुणाला कळणार हाय?"

मीही तसंच करायला बसले. एका फोटोत ते नाव टाईप केलं, उघडून बघितलं. अक्षरं तीच, जागा तीच. प्रोग्रामच्या दृष्टीनं तर काहीच फरक नव्हता. पण मला ते बघवेना. कुणाच्या तरी सहीची नक्कल केल्यासारखं वाटलं. आणि नावापुढचं काय? तिथं काय टाकायचं? मी ते परत काढलं आणि त्या रात्री जेवले नाही. रडले म्हणा की. मला रडू सहसा येत नाही.

मग मुरुडला गेले आणि काकूंना सांगितलं. काहीही लपवलं नाही. परकी बाई समजले होते, हेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील, निदान नाकाला मिरच्या झोंबतील. त्या ऐकत राहिल्या. रागाचं राहू द्या, त्यांच्या ध्यानात फक्त एकच गोष्ट आली होती.

"माझं नाव लिहिलं होतं ह्यांनी?"

"हो."

"माहेरचं?"

"हो. त्रेचाळीस फोटोंत."

काकू हळूच म्हणाल्या, "सत्तावन्न वर्षं 'ऐकलं का' म्हणायचे नुसते. मला वाटायचं, इसरले."

बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्यानं खिडकीच्या काचा वाजल्या. मग त्यांनी विचारलं, "नुसतं नावच, का आणखी काही?"

"पुढं काहीतरी होतं, काकू. मी वाचलं नाही."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. मला ते सहन होईना. मी लॅपटॉप उघडला आणि भराभरा बोलत सुटले, की पाच मिनिटांचं काम आहे, नाव मी आत्ता तुमच्यासमोर सगळ्या फोटोंत परत घालते, पुढंही तुम्ही म्हणाल ते लिहिते, अगदी तसंच दिसेल, होतं तसंच.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"राहू दे पोरी," त्या म्हणाल्या. "तू लिहिलेलं मी काय करू?"